रोजच्या जगण्यातून कादंबरीकडे: वाचनालयातील एका प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

३ जून

‘मराठी कादंबरीकारांच्या प्रेरणा’ हा विषय कार्यकारी मंडळाने पावसाळ्यातील प्रदर्शनासाठी मंजूर केला असून संहिता लिहिण्याचे आणि मांडणीचे काम माझ्याकडे दिले आहे. जागा तळमजल्यावरील वृत्तपत्र-वाचनाच्या दालनाची आहे. भिंतीवर फलक लागतील आणि मधल्या काचेच्या कपाटांत जुन्या आवृत्त्या ठेवता येतील. बैठकीत प्रेम, निसर्ग, मृत्यू, सामाजिक अन्याय असे विषयवार विभाग करावेत अशी सूचना आली होती. ती मला पटलेली नाही. विषय सांगितल्याने कादंबरी कशाबद्दल आहे एवढे समजते; ती लेखकाच्या हाती कोणत्या वाटेने आली, हे त्यातून समजत नाही, आणि वाचकांना नेमके तेच जाणून घ्यायचे असते.

त्याऐवजी प्रत्येक फलकाने तीन गोष्टी सांगाव्यात, असा प्रस्ताव मी लेखी दिला आहे. ज्या दिवसांतून कादंबरी आली त्या दिवसांत लेखक पोटापाण्यासाठी कोणते काम करीत होता, त्या कामामुळे त्याची रोज गाठ कोणाशी पडत होती आणि तेथून पुस्तक होईपर्यंत किती काळ गेला. माझी धारणा अशी आहे की कादंबरीची सामग्री बहुधा एखाद्या विलक्षण प्रसंगातून येत नाही. नोकरी, घर किंवा गाव माणसाला ज्या जागी रोज उभे करते, त्या जागेवरून ती हळूहळू साठत जाते. ही धारणा कोणत्या उदाहरणांना लागू पडते आणि कोणत्या उदाहरणांपाशी अडते, हे या नोंदींतून पाहावयाचे आहे.

८ जून

आरंभ ‘बनगरवाडी’पासून केला. व्यंकटेश माडगूळकरांचा जन्म १९२७ सालचा, माडगूळचा. किशोरवयातच त्यांनी माणदेशात शाळामास्तर म्हणून काम केले होते. तो भाग तेव्हा औंध संस्थानात होता, पाऊस कमी, जमीन हलकी आणि मेंढरे हीच मिळकत. १९५४च्या ‘मौज’ दिवाळी अंकात ‘बनगरवाडी’ आली आणि पुढच्या वर्षी तिचे पुस्तक झाले. म्हणजे अनुभव आणि लेखन यांच्यात दहा वर्षांहून अधिक काळ गेला होता.

पुस्तक पुन्हा वाचताना माझे लक्ष एका गोष्टीकडे गेले आणि फलकाचा गाभा तीच असावी असे मी ठरवले. कादंबरीतील तरुण मास्तर वाडीवर पाहुणा म्हणून किंवा निरीक्षक म्हणून जात नाही. तो नेमणुकीच्या आदेशाने जातो आणि बंद पडलेली एकशिक्षकी शाळा त्याला चालवावयाची असते. मुले मेंढरांमागे रानात गेलेली असतात, त्यामुळे शाळा भरवायची तर आधी त्यांच्या आईबापांची मनधरणी करावी लागते, कारभाऱ्याचा विश्वास मिळवावा लागतो, आणि एकदा तो मिळाला की लिहिता-वाचता येणारा एकमेव माणूस म्हणून वाडीची नाना कामे त्याच्या गळ्यात पडतात. धनगरांच्या घरातील भांडणे, पैशांचे व्यवहार, कागदपत्रे, सारे त्याच्यापाशी येते. वाडीच्या खाजगी आयुष्यात त्याला प्रवेश मिळतो तो त्याच्या जिज्ञासेमुळे नव्हे, तर तो उपयोगी आहे म्हणून. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. नुसत्या बघ्याला लोक तोंडदेखले बोलतात. ज्याच्याकडे काम अडलेले असते त्याच्यापुढे मात्र ते मोकळे होतात आणि प्रसंगी रागावतातही.

कादंबरीच्या शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात आणि माणसे वाडी सोडून जातात. माणदेशात दुष्काळ ही बातमी नव्हे, नित्याची शक्यता आहे. लेखकाला त्यासाठी वेगळी कल्पना लढवावी लागली नसावी. लढवावी लागली ती मांडणी: एका तरुण मुलाने कामावर हजर होणे हा आरंभ, आणि शिकवण्यासाठी कोणी उरले नाही म्हणून त्याने निघून येणे हा शेवट. रोजच्या अनुभवाला असे दोन काठ मिळाले की कादंबरी उभी राहते. हे वाक्य फलकासाठी वापरावे की नाही, ते नंतर ठरवीन.

१४ जून

आजचा दिवस मालतीबाई बेडेकर यांच्यासाठी ठेवला होता. ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने त्यांनी लिहिले. पुण्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका असताना शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या मुलींची घुसमट त्यांनी जवळून पाहिली आणि १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यावर मोठे वादळ उठले. तो कथासंग्रह असल्यामुळे आपल्या कक्षेबाहेर आहे, तरीही फलकावर त्याचा उल्लेख ठेवला आहे, कारण नोकरीच्या जागेवरून लिहिण्याची त्यांची पद्धत तेथेच सुरू होते.

मुख्य पुस्तक ‘बळी’, १९५०. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात मालतीबाईंनी सोलापूरच्या वसाहतीत अधिकारपदावर काम केले. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता, त्यांची कुटुंबे तेथे तारांच्या कुंपणात ठेवलेली असत. त्यांना हजेरी द्यावी लागे, बाहेर जाण्यासाठी परवानगी काढावी लागे आणि मुलांना आईबापांच्या ‘वळणा’पासून दूर ठेवण्याचे धोरण होते. त्या व्यवस्थेच्या कारभारात मालतीबाईंचा रोजचा दिवस जात होता. ‘बळी’ त्या कुंपणाच्या आतून लिहिलेली कादंबरी आहे आणि तिचे केंद्र मांग-गारुडी समाजातील माणसे आहेत.

येथे माझ्या प्रस्तावातील दुसऱ्या मुद्द्याला वेगळी धार येते. माडगूळकरांचा मास्तर वाडीचा उपयोगी माणूस होता. मालतीबाई मात्र ज्यांच्याविषयी लिहीत होत्या त्यांच्यावर अधिकार गाजवणाऱ्या व्यवस्थेच्या प्रतिनिधी होत्या. रोज हातात येणारी हजेरीची नोंद, अर्ज आणि तक्रार हीच त्यांची सामग्री. अधिकाऱ्याने केवळ अहवाल लिहिला असता. अहवालात न मावणारे जे उरले, त्याची कादंबरी झाली, आणि ती व्हायला दहा वर्षे लागली. हा काळ निष्क्रिय गेला असे मी मानत नाही. अधिकाराच्या खुर्चीतून पाहिलेले चित्र समोरच्या माणसाच्या बाजूने मांडता येण्यासाठी त्या खुर्चीतून उठणे आणि बराच काळ तिच्यापासून दूर राहणे आवश्यक असले पाहिजे. तो कायदा १९५२मध्ये रद्द झाला, म्हणजे पुस्तक आले तेव्हा कुंपण अजून उभे होते. फलकावर हे वर्ष ठळक अक्षरांत द्यावयाचे आहे, कारण आज वाचणाऱ्याला ‘बळी’ गतकाळाची कथा वाटण्याचा संभव आहे. लिहिली गेली तेव्हा ती वर्तमानाची होती.

१९ जून

कार्यपद्धतीच्या दोन बाबी आज ठरवल्या. पहिली: अमुक पात्र म्हणजे प्रत्यक्षातील अमुक माणूस, असे विधान फलकावर करावयाचे नाही. लेखकाने स्वतः लिहून ठेवले असेल तरीही शक्यतो गाव आणि काम एवढ्यावरच थांबावे; पात्रांची मुळे शोधत हयात कुटुंबांपर्यंत जाणे वाचनालयाला शोभत नाही.

दुसरी बाब उताऱ्यांची. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्व हक्क राहतो. हरि नारायण आपटे १९१९ साली वारले, त्यामुळे त्यांचे पूर्ण पानही छापता येईल. माडगूळकर २००१ साली आणि कादंबरीकार श्री. ना. पेंडसे २००७ साली गेले; त्यांच्याबाबत उतारे न छापता पुस्तक उघडून कपाटात ठेवावे आणि वाचकाने ते काचेतून वाचावे, हा मार्ग मला अधिक चांगला वाटतो. जुन्या पानाचा रंग आणि टाइप त्यातून दिसतो, हा आणखी एक लाभ.

२५ जून

श्री. ना. पेंडसे यांच्यापाशी माझी धारणा पहिल्यांदा अडली आणि त्यामुळे काम पुढे गेले. पेंडसे दापोली तालुक्यातील मुर्डीचे, जन्म १९१३. ते लहानपणीच मुंबईला आले, तेथेच शिकले आणि बेस्टमध्ये त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली. नोकरीची जागा हाच उगम असेल तर त्यांच्या कादंबऱ्या बसगाड्या, आगार आणि कामगार यांच्याविषयी असावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात ‘एल्गार’ (१९४९), ‘हद्दपार’ (१९५०), ‘गारंबीचा बापू’ (१९५२) आणि पुढे ‘रथचक्र’ (१९६२), एकामागून एक कोकणाकडे परत जातात. ‘तुंबाडचे खोत’ १९८७ साली दोन खंडांत आली, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती, आणि जगबुडी नदीच्या काठचे एका घराण्याच्या पिढ्यांचे आयुष्य त्यांनी त्या वयात उभे केले.

याचा अर्थ मी असा लावतो. मुलाला गावात कोणतेही काम नसते, म्हणून त्याला सगळीकडे वावरण्याची मुभा असते. सुपारीच्या बागा, देवळाचा सभामंडप, खोताची पडवी, चहाचे दुकान, जेथे मोठ्या माणसाला हेतू विचारला जातो तेथे मूल नुसते उभे राहते. ‘गारंबीचा बापू’तील गावकऱ्यांची कुजबुज, राधेच्या चहाच्या दुकानाभोवती गोळा होणारी निंदा आणि कुतूहल, हे सारे अशा कानांनी टिपलेले वाटते ज्यांची त्या वेळी कोणी दखल घेतली नव्हती. मग ते गाव सुटते. मुंबईतील नोकरीच्या काळात गाव समोर नसल्यामुळे त्यात रोज नवी भर पडून जुने पुसले जात नाही. माझ्या प्रस्तावातील ‘पोटापाण्याचे काम’ हा मुद्दा म्हणून मी आज बदलला असून ‘त्या दिवसांतील रोजचा वावर’ असा केला आहे. तो काम करणाऱ्याला लागू होतो आणि मुलालाही.

तथापि मुंबईची चाळ पेंडशांना दिसत नव्हती असे नाही. ‘लव्हाळी’ (१९६६) ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील मुंबईच्या चाळीतील एका सामान्य माणसाच्या रोजनिशीच्या रूपातील कादंबरी आहे आणि ‘शंभू साच्याची चाळ’ हे नाटक तिच्यावरूनच आले. ज्यांना महागाई, रेशन, नोकरीची चिंता आणि शेजाऱ्याचे पाहुणे यांच्यातून कादंबरी होऊ शकते यावर विश्वास बसत नाही, त्यांनी ‘लव्हाळी’ वाचावी असे मी मनापासून सांगेन. ती आज फार कमी वाचली जाते, याची खंत आहे.

२ जुलै

उद्धव शेळके यांच्या ‘धग’वर (१९६०) वाचक मंडळाची बैठक झाली. मूळच्या अमरावतीकडील आणि लग्नानंतर आमच्या गावात आलेल्या एका सभासद ताईंनी नायिका कौतिकचे संवाद मोठ्याने वाचून दाखवले. आमच्यापैकी बहुतेकांनी ही कादंबरी डोळ्यांनी वाचली होती. वऱ्हाडी कानावर आली तेव्हा कौतिकचा त्रागा आणि तिचा स्वाभिमान एकाच वाक्यात कसे नांदतात, ते पहिल्यांदा समजले.

‘धग’मध्ये मोठी घटना शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. कौतिक, तिचा नवरा महादेव, मुलगा नामा, आणि संसार टिकवण्याची तिची न संपणारी धडपड. आज चुलीवर काय चढवायचे, उसने कोणाकडे मागायचे, मजुरी कुठे मिळेल आणि मुलाची शाळा चालू राहील की नाही, एवढ्याच प्रश्नांवर शेळके पानेच्या पाने लिहितात आणि वाचक तेथून हलत नाही. त्या ताईंचे म्हणणे असे पडले की ज्या घरात दाण्यांचा हिशेब रोज करावा लागतो, त्या घरातील मुलाला आईचा चेहरा पाठ असतो. त्यांचा हा शेरा मला मोलाचा वाटला. मात्र शेळक्यांच्या आयुष्याशी त्याची गाठ मी फलकावर घालणार नाही. तसे केल्यास १९ जूनचा नियम मोडेल. फलकावर एवढेच येईल की विदर्भातील गरीब घराचा दैनंदिन हिशेब ही या कादंबरीची सामग्री आहे आणि तिची भाषा त्या घरातलीच आहे.

९ जुलै

हरिभाऊ आपटे यांचा फलक लिहून झाला. ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. यमू स्वतःची हकिकत स्वतः सांगते: माहेरचे खेळ, लहान वयातले लग्न, सासरचा वाडा, नवऱ्याबरोबर मुंबईत मिळालेले थोडे मोकळे दिवस, वैधव्य, आणि अखेरीस तिच्यावर बळजबरीने केलेले केशवपन. पुण्यातील एकत्र कुटुंबांच्या स्वयंपाकघरांत आणि माजघरांत जे चालत होते, ते त्या काळी कोणाला लिहिण्याजोगे वाटत नव्हते.

येथे वेगळा प्रश्न आहे. माडगूळकरांना शाळेने, मालतीबाईंना वसाहतीने आत नेले. हरिभाऊ तर घरातच राहत होते, पण माजघराचा उंबरठा पुरुषासाठी वेगळ्या अर्थाने बंद असे. तरीही यमूच्या तोंडी भावजयांचे टोमणे, सासूबाईंचे रुसवे आणि मुलींची आपापसातील बोलणी इतक्या तपशिलाने येतात की लेखकाने वर्षानुवर्षे शेजारच्या खोलीतील बोलण्याकडे लक्ष दिले असले पाहिजे, असे मानण्यावाचून गत्यंतर नाही. प्रत्येक घरातील पुरुषांना हे बोलणे ऐकू येत होते. त्यांतील एकाने ते ऐकण्याच्या लायकीचे मानले. प्रेरणेविषयी आजवर जे वाचले त्यापेक्षा मला हे अधिक सांगून जाते. साप्ताहिकाचाही यात वाटा आहे. दर आठवड्याला मजकूर द्यावयाचा म्हटल्यावर लेखकाला घरातील लहानसहान प्रसंगांकडे वळावेच लागते, आणि त्यातून कादंबरीला तो संथ, दिवसामागून दिवस जाणारा वेग मिळतो जो एकटाकी लेखनात क्वचित येतो. या कादंबरीतील एक संपूर्ण पान मोठ्या अक्षरांत छापून घेणार आहोत.

१६ जुलै

‘फकिरा’च्या निमित्ताने पाहण्यापेक्षा ऐकण्यातून येणाऱ्या सामग्रीचा विचार झाला. अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १९२०चा, वाटेगावचा. त्यांच्या जन्माच्या वेळी, इंग्रजी सत्तेविरुद्ध बंड करणाऱ्या फकिराने बाळंतिणीसाठी ओंजळभर रुपये दिले, अशी हकिकत सांगितली जाते. तिचा तपशील कसाही असो, वाटेगावच्या मांगवाड्यात फकिरा हा घरातल्या माणसासारखा बोलण्यात येत असे, हे तिच्यावरून दिसते. १९५९ साली कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि अण्णा भाऊंनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे.

मधल्या काळात अण्णा भाऊ वडिलांबरोबर पायी मुंबईला आले, मिळेल ते काम केले, गिरणीत राबले, शाहिरी केली, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. मुंबईच्या झोपडपट्टीवर त्यांनी पुष्कळ लिहिले. तरी त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरी मुंबईत ज्याची गोष्ट ऐकायला कोणी नव्हते त्या माणसाविषयी आहे. घरात सांगितल्या जाणाऱ्या हकिकतींचा हा गुण आहे की त्या सांगून सांगून आधीच घडवलेल्या असतात. कोणते वळण ऐकणाऱ्याला जागे ठेवते, हे सांगणाऱ्याला अनुभवाने ठाऊक झालेले असते. ‘फकिरा’चा वेग आणि तिच्यातील प्रसंगांची रचना या सांगण्याच्या परंपरेतून आली, असे माझे मत आहे. मंडळातील एका प्राध्यापक मित्राच्या मते त्यात तमाशा आणि पोवाडा यांचा वाटा अधिक आहे. दोन्ही मते फलकावर शेजारी शेजारी द्यावीत, असे आम्ही ठरवले.

२२ जुलै

उरलेल्या फलकांचे मसुदे आज एकत्र केले. यांतील बहुतेक थोडक्यात आटोपतील. भाऊ पाध्ये यांनी कामगार चळवळ, नोकऱ्या आणि वृत्तपत्र अशा अनेक जागा पाहिल्या. मुंबईत घर मिळवण्याची वणवण हा प्रत्येक नोकरदाराचा अनुभव ‘वैतागवाडी’ला पुरला आणि नाक्यावर उभ्या पोरांची भाषा ‘वासूनाका’ला (१९६५). अरुण साधू पत्रकार होते. बातमीत न मावणारे राजकारण ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’मध्ये आले. अनंत सामंत जहाजावर नोकरीला होते आणि त्यातून ‘एम. टी. आयवा मारू’ (१९८९) आली. मनोहर तल्हारांच्या ‘माणूस’मध्ये (१९६३) सायकलरिक्षा ओढणारा नायक आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (१९६३) फलक थोडा मोठा ठेवला आहे. वसतिगृहाची खोली, मेसचे व्यवहार, परीक्षा, घरून येणारे पैसे आणि त्यावरून वडिलांशी होणारा ताण, इतक्या साध्या गोष्टींवर कादंबरी उभी राहिली, हे पाहून पुढच्या पिढीतील अनेकांना आपल्या खोलीकडे पाहण्याचे धैर्य आले असावे.

छायाचित्रांवरून बैठकीत मतभेद झाला. काही सभासदांना गावांची सध्याची छायाचित्रे हवी होती. माझा विरोध त्या कल्पनेला नव्हता, तिच्या परिणामाला होता: आजचे डांबरी रस्त्याचे गाव दाखवून त्याखाली कादंबरीचे नाव लिहिले की वाचक पुस्तकातील वाडी त्या छायाचित्रात शोधतो आणि न सापडल्याने खट्टू होतो. अखेर छायाचित्रांऐवजी एक मोठा नकाशा लावावा, असे ठरले. त्यावर माणदेश, सोलापूर, दापोली-खेड, वऱ्हाड, वाटेगाव, पुणे, मुंबई या जागा दाखवल्या जातील.

३० जुलै

धारणेच्या विरुद्ध जाणारी दोन उदाहरणे मी मुद्दाम निवडली होती. त्यांचे काम आज संपले.

विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९) ही रोजच्या वावरातून आलेली नाही. चित्रपटकलेच्या शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले होते. महायुद्धाच्या उंबरठ्यावर युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या एका जहाजावर, निर्वासित ज्यू प्रवाशांच्या गर्दीत, एक मराठी तरुण आणि हेर्टा ही ज्यू मुलगी यांच्यात जे घडते ते या कादंबरीत आहे. येथे वर्षानुवर्षांचा सहवास नाही, दहा वर्षांचे अंतर नाही. आहे ती मोजक्या दिवसांची समुद्रयात्रा आणि लगेच आलेले पुस्तक. मी बराच विचार केला. जहाज ही अशी जागा आहे की तेथे अनोळखी माणसे एकाच डेकवर, एकाच जेवणाच्या टेबलावर सक्तीने एकत्र राहतात, आणि बंदर आले की कायमची पांगतात. वर्षभराचा शेजार त्या थोड्या दिवसांत कोंबला जातो. तरीही हे स्पष्टीकरण मी फलकावर देणार नाही. ‘रणांगण’ अपवाद म्हणूनच मांडली जाईल, कारण ती तशी आहे, आणि नियम सिद्ध करण्यासाठी तिला वाकवणे हा त्या पुस्तकावर अन्याय ठरेल.

दुसरे उदाहरण पुन्हा माडगूळकरांचेच, ‘सत्तांतर’ (१९८२). या लहानशा कादंबरीत माणसे नाहीत, वानरांची टोळी आहे. नर आपल्या टोळीवरील सत्ता कशी टिकवतो, बाहेरून आलेला नर ती कशी हिसकावतो आणि पिलांचे काय होते, हे लेखकाने जंगलात बसून पाहिले, प्राणिवर्तनाचा अभ्यासही केला. येथे रोजचा वावर लेखकाने स्वतः निवडलेला आहे. त्याला तेथे कोणी नेमले नव्हते. परंतु एकाच टोळीकडे दिवसेंदिवस पाहत राहण्याची शिस्त तीच आहे, जी वाडीवरच्या मास्तराला परिस्थितीने लावली होती. म्हणून हे पुस्तक ‘बनगरवाडी’च्याच कपाटात, तिच्या शेजारी ठेवले आहे.

६ ऑगस्ट

प्रदर्शनाबरोबर लेखन-कार्यशाळा घ्यावी अशी मागणी होती. तिचा आराखडा तयार झाला. सहभागी होणाऱ्यांत शिक्षिका आहेत, एसटीचे वाहक आहेत, एक रेशन दुकानदार आहेत आणि महाविद्यालयीन मुले आहेत. त्यांना कथानक रचायला सांगावयाचे नाही. प्रत्येकाने आपल्या कामाच्या जागी जे माणूस वारंवार येते, त्याच्याविषयी रोज थोडे लिहावे: त्याने काय मागितले, कोणत्या शब्दांत मागितले, नाही म्हटल्यावर काय केले. वर्णनात्मक विशेषणे टाळावीत आणि बोलणे शक्य तितके जसेच्या तसे उतरवावे. नाव, गाव आणि ओळख पटेल असा तपशील बदलावा, हे पहिल्याच दिवशी बजावावयाचे आहे. दुकानावर किंवा गाडीत माणूस आपल्यापुढे मोकळे होते ते आपण लिहिणार आहोत हे ठाऊक नसताना, आणि त्या विश्वासाची राखण लिहिणाऱ्यानेच करावयाची असते. या मुद्द्यावर मी तडजोड करणार नाही.

वाहक असलेल्या सभासदांनी विचारले, की रोज तेच प्रवासी आणि तेच थांबे असताना वेगळे काय लिहावे? त्यांना मी ‘बनगरवाडी’ देण्याऐवजी ‘लव्हाळी’ दिली. एकाच चाळीतील त्याच माणसांकडे पुनःपुन्हा पाहून त्यांच्यात होणारा सूक्ष्म बदल कसा टिपायचा, हे तेथे अधिक जवळून दिसते.

१३ ऑगस्ट

आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’वर (१९७१) शेवटची वाचक बैठक झाली आणि ती सर्वांत वादळी ठरली. मालकाच्या मळ्यात राबणारा नारबा, त्याची जनावरांशी असलेली सोयरीक आणि ट्रॅक्टर आल्यावर एकेक करून होणारी त्या जनावरांची पाठवणी, हा कादंबरीचा विषय. यादव स्वतः कागलच्या शेतात राबत वाढले होते. बैठकीला आलेल्या एका वयस्कर शेतकरी सभासदांनी ठामपणे सांगितले, की बैल विकताना दुःख होते हे खरे, पण ट्रॅक्टर आल्याने पाठीचे कष्ट वाचले हेही खरे, आणि गड्याच्या नजरेने लिहिल्यामुळे मालकाच्या घरातील सुटकेचा श्वास कादंबरीत आलेला नाही. तरुण सभासदांना हे पटले नाही आणि बराच वेळ वाद चालला. मला त्या शेतकरी काकांचे निरीक्षण योग्य वाटते, आणि त्याने कादंबरीची किंमत कमी होते असे वाटत नाही: लेखक ज्या जागी उभा राहिला तेथून जे दिसले ते त्याने पूर्ण दाखवले, आणि त्याच मळ्यातून, मालकाच्या ओसरीवरून, दुसरी कादंबरी अजून लिहिली जाऊ शकते. ‘गोतावळा’च्या फलकाखाली काकांचे म्हणणे, त्यांच्या संमतीने आणि नाव न देता, छापावयास दिले आहे.

फलकांचा संच छपाईला गेला आहे. ‘बळी’ची आमच्याकडील एकमेव प्रत बांधणीतून सुटली असल्याने ती कपाटात उघडी ठेवता येणार नाही, जिल्हा ग्रंथालयाकडे दुसऱ्या प्रतीची मागणी पाठवली आहे. ती वेळेत न आल्यास त्या कपाटात फक्त मुखपृष्ठ राहील आणि वाचक मंडळाची सप्टेंबरची बैठक ‘बळी’ऐवजी ‘हद्दपार’वर घ्यावी लागेल.